कोटावरचं माप

माधवनगरात चांदसाहेब टेलरचं दुकान कुठं म्हणून विचारलं, तर माणूस आधी हसतो आणि मग बोट दाखवतो. हसण्याचं कारण एवढंच, की या माणसानं उभ्या जन्मात कुणाचं माप कागदावर लिहून घेतलेलं नाही. गिऱ्हाइकाच्या अंगावरून एकदा टेप फिरला की माप डोक्यात जाऊन बसायचं आणि तिथून हलायचं नाही. दहा-बारा वर्षांनी एखादा गडी नोकरीवरून गावाकडं आला आणि दुकानापुढून चालला, तर "कसा हाईस" म्हणायच्या आधी चांदसाहेब म्हणायचे, "कंबर तीन इंच सुटली की रं तुझी!" तो गडी बिचारा पोट आत ओढत पुढं जायचा.

हा माणूस जन्मापासून टेलर होता असंही नाही. तरणेपणी माधवनगरच्या गिरणीत मागावर उभा असायचा. गिरणीचं धुराडं थंड झालं तेव्हा बाकीच्यांनी कुणी रिक्षा घेतली, कुणी इचलकरंजीची वाट धरली. चांदसाहेबांनी मेव्हण्याकडून एक जुनी मशीन आणली आणि घराच्या पुढच्या खोलीत मांडली. कापड विणायचं बंद झालं तर शिवू या, एवढाच त्यातला हिशेब. शाळेचे गणवेश शिवले, बायकांची झंपरं शिवली, ईदला पठाणी शिवले. बायको आबेदा काजं-बटणं करायची, हुक लावायची. एका मशीनच्या दोन झाल्या, दुसरी आबेदाची. मग तयार कपड्यांची दुकानं आली आणि शाळेचे गणवेशसुद्धा खोक्यातून यायला लागले. तेव्हा चांदसाहेब गाड्यांच्या सीटकव्हरांकडं वळले, ताडपत्र्यांकडं वळले आणि शेवटी रेडियमच्या कामाला लागले.

रेडियम म्हणजे ती चकाकणारी पट्टी. गाडीचा उजेड पडला की पेटल्यासारखी दिसते. आपल्याकडं कारखान्यांचा सीझन सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. मागं ऊस एवढा बाहेर आलेला असतो की ट्रॉलीचे दिवे त्यात बुडून जातात, आणि मागून येणाऱ्याला समजतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्यावर उपाय म्हणून उसावर बांधायचा एक कापडी पडदा असतो, त्यावर आडव्या-उभ्या रेडियमच्या पट्ट्या. हा पडदा चांदसाहेब शिवायचे तसा सांगली-कराड पट्ट्यात कुणी शिवत नव्हतं. जोडीला ट्रॉलीवरच्या माणसांसाठी रेडियमची जाकिटं. बिनबाह्यांची, पुढं दोन पट्ट्या, पाठीवर फुली, कडेनं हिरवी पायपिंग. जाकिटाला कसली आलीय पायपिंग म्हणून लोक हसायचे. चांदसाहेबांना पायपिंगशिवाय कापड नागडं वाटायचं.

काम असं बरं चाललेलं होतं. अडचण होती ती काम संपल्यावर.

आबेदा गेली त्याला चार वर्षं झाली. मुलगी एकच, तरन्नुम. ती त्याआधीच लग्न होऊन नवऱ्याबरोबर, अजीमबरोबर, व्हिएन्नाला गेलेली. अजीम इंजिनिअर, पोरगा सरळ. आबेदा गेली तेव्हा तरन्नुम मिळेल त्या विमानानं निघाली, पण आपल्यात माती देण्यात उशीर करत नाहीत. ती पोचली तेव्हा सगळं आटपून गेलं होतं. कडेवर वर्षाची इनाया होती. त्या पोरीनं चांदसाहेबांचा अंगठा मुठीत धरला तो काही केल्या सोडेना, आणि चांदसाहेब त्या आठवड्यात जे काही रडले ते त्या अंगठ्याकडं बघून रडले. मग त्या दोघी परत गेल्या. अजीमच्या नोकरीचं, तिकिटांचं, इनायाच्या शाळेचं असं करत पुढं येणं झालंच नाही.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल. चांदसाहेब अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, फोन सुताच्या रिळाला टेकवून मशीनवर उभा करायचे. आणि मग बोलणं असं चालायचं:

"जेवला का अब्बा?"

"जेवलो की."

"काय केलतं?"

"भाकरी, वांगं."

"गोळ्या घेता का न्हाई वेळेवर?"

"घेतो."

"थंडी हाय का तिकडं?"

"सकाळची वाजती जरा. तिकडं?"

"हिकडं तर बघायलाच नको."

एवढं झालं की दोघंही गप्प. आठवडाभर चांदसाहेब एकेक गोष्ट तिला सांगायची म्हणून बाजूला काढून ठेवायचे. समोरच्या वाण्यानं दुसरी म्हैस घेतली, कोपऱ्यावरचं चिंचेचं झाड तोडलं, असलं काहीबाही. रविवारी तिचा चेहरा समोर आला की वाटायचं, हिला काय करायचंय त्या म्हशीचं? मग राहूनच जायचं. तिचंही तसंच होत असणार. दोघंही पडद्याच्या कोपऱ्यातल्या आपापल्या छोट्या चेहऱ्याकडं बघत बसायचे आणि शेवटी कुणीतरी म्हणायचं, "बरं मग, ठेवू का?" फोन ठेवल्यावर खोली जास्तच मोठी वाटायची. आबेदाच्या मशीनवर चादर टाकलेली होती, ती चांदसाहेब उगाच सारखी करून ठेवायचे.

अशातच डिसेंबरातला एक रविवार आला. तरन्नुम म्हणाली, "अब्बा, नाताळच्या सुट्टीत आमी डोंगरात चाललोय. बर्फात. इनायाला घसरगाडी खेळायचीय. ते गाव जरा आडबाजूला हाय, म्हणून गाडी भाड्यानं घेणार."

"बर्फात अजीम गाडी चालवणार?"

"म्हणून तर हिकडचा कायदा लय कडक हाय. थंडीचे टायर वेगळे. चढाला लागली तर चाकाला बांधायला लोखंडी साखळ्या. मलमपट्टीची पेटी पायजे. गाडी बंद पडली तर मागं रस्त्यावर ठेवायला लाल त्रिकोण पायजे. गाडी भाड्याची असली तरी पोलीस आपल्यालाच धरत्यात, कंपनीला न्हाई. म्हणून गाडी ताब्यात घेतानाच सगळं बघून घ्यायचं. आणि ते जाकीट."

"कसलं जाकीट?"

"तुमी शिवता बघा. रेडियमचं. तसलंच."

चांदसाहेब फोनकडं वाकले. आजवर लेकीच्या त्या देशात त्यांच्या ओळखीची एकही गोष्ट नव्हती. तिथली भाजी ओळखीची नाही, झाड ओळखीचं नाही, जावई ऑफिसात दिवसभर काय करतो ते तर समजून घ्यायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. आणि आज त्या देशाचं सरकार म्हणत होतं की चांदसाहेब टेलर शिवतात तसलं जाकीट घातल्याशिवाय रस्त्यावर पाय ठेवायचा नाही.

"सगळ्यांनी घालायचं?"

"चालवणाऱ्याला तर सक्तीच हाय. आणि डिकीत ठेवून चालत न्हाई. हाताशी ठेवायचं आणि खाली उतरायच्या आधी अंगात घालायचं. भाड्याच्या गाडीत कंपनी एकच ठेवते. बाकीच्यांनी आपापलं बघायचं."

"पट्टी किती रुंद असती?"

"आता काय माहीत अब्बा! दोन बोटं असंल."

"पाठीवर फुली असती का आडवी पट्टी?"

"बघितलं पायजे. कंपनीच्या जाकिटावर आतून कसला तरी मानकाचा शिक्का असतो, तो लागतो म्हणे."

"ते अजीमचं झालं. तुझ्या आणि पोरीच्या जाकिटाचं काय?"

"घेऊ की हिकडं. पेट्रोल पंपावरसुद्धा मिळतंय."

"काही घेऊ नको," चांदसाहेब म्हणाले. "मी धाडतो."

त्या दिवशी कॉल लांबला. कापड कुठलं, रंग कुठला, चेन लावू का पट्टा, थंडीत बोटं आखडली तर चेन लागेल का. तरन्नुम हसत होती, मधेच इनाया येऊन "नाना, माझ्यावर मांजर काढा" म्हणून गेली. ठेवू का, असं त्या रविवारी कुणी म्हटलंच नाही. फोनची बॅटरी संपली म्हणून तो बंद पडला.

दुसऱ्या दिवशी चांदसाहेबांनी कारखान्याचं काम बाजूला सारलं. ट्रॉलीच्या पडद्याला वापरायची ती पट्टी लेकीला कशी चालेल? ते एसटीनं सांगलीला गेले आणि चांगल्यातली पट्टी घेऊन आले. पिवळं कापड आणलं. आणि मशीनवर बसण्याआधी डोळे मिटून माप आठवलं.

तरन्नुमचं माप त्यांच्या डोक्यात लहानपणापासूनचं होतं. बालवाडीतला फ्रॉक, पहिलीचा गणवेश, प्रत्येक ईदचा ड्रेस. ती हात पसरून उभी राहायची, टेप गार लागला की खिदळायची. मोठी झाल्यावर बापानं टेप लावणं थांबलं. मग आतल्या खोलीत आबेदा माप घ्यायची आणि आतूनच ओरडून आकडे सांगायची. चांदसाहेब बाहेर मशीनवर बसून ते ऐकायचे. लग्नाच्या कपड्यांचं माप असंच घेतलेलं, तेच शेवटचं. त्यात त्यांनी बाळंतपणाचे म्हणून थोडे इंच वाढवले. इनायासाठी शेजारच्या तेवढ्याच वयाच्या पोरीच्या खांद्यावर टेप धरून बघितला.

एक फोन करून माप विचारायला काय लागत होतं? पण ते त्यांना सुचलं नाही असं नाही, त्यांनी ते मुद्दाम केलं नाही. माप विचारायचं ते परक्या गिऱ्हाइकाला. पोटच्या पोरीला "बाई, तुझा खांदा किती?" म्हणून विचारायचं म्हणजे ती परकी झाली हे आपल्याच तोंडानं कबूल करायचं. ते कबूल करायची त्यांची तयारी नव्हती.

जाकिटं शिवत असतानाच लालासाहेब पडदा न्यायला आले. लालासाहेब कवठे महांकाळकडचे. लष्करात होते. पेन्शनीत आल्यावर घरच्या कोरडवाहू रानात जीव रमेना, म्हणून ट्रॅक्टर घेऊन दर सीझनला उसाच्या वाहतुकीला यायचे. चांदसाहेबांचा आणि त्यांचा वर्षातून चार महिन्यांचा दोस्ताना, पण पक्का.

"हे कुणाला रं एवढं बारकं?" त्यांनी इनायाचं जाकीट उचललं.

"नातीला. बर्फात चाललीया."

लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. बर्फ म्हटलं की त्यांना लेह आठवायचं आणि लेह आठवलं की समोरच्याची सुटका नसायची. "बर्फात अंगावर किती कापडं असत्यात, हाय का ठावं तुला? गड्या, मी लेहला असताना एवढा फुगायचो, एवढा फुगायचो, की तंबूच्या दारात अडकायचो. मागनं दोघं ढकलायचे तवा आत जायचो."

"आणि चहा?"

"चहा तर कपातच गोठायचा. चावून खायचा."

चांदसाहेब पोट धरून हसले. लालासाहेबांच्या बोलण्यातलं बारा आणे सोडून द्यायचं असतं, हे सगळ्या माधवनगराला माहीत होतं. चांदसाहेबांनी त्या दिवशी सोळाच्या सोळा आणे सोडून दिले. सांगलीच्या थंडीत माणूस फार तर एक स्वेटर घालतो. स्वेटरपुरती ढील त्यांनी ठेवली होती.

इनायाच्या जाकिटावर रेडियमचं मांजर आलं. कडेनं हिरवी पायपिंग आली. भडंगचा पुडाही पाठवायचा होता, पण कुरिअरवाला खायचं घेईना, तो राहिला. जाकिटं तेवढी गेली.

ती मंडळी डोंगरात निघायच्या दोन दिवस आधी पार्सल पोचलं. तरन्नुमनं लगेच फोटो धाडला. मायलेकी आपल्या घरात उभ्या, अंगात पिवळी जाकिटं, इनाया मांजरावर बोट ठेवून दात दाखवतेय. खांदा बरोबर खांद्यावर, लांबी बरोबर कमरेखाली. खाली लिहिलं होतं, "एकदम फिटिंगमध्ये बसलं अब्बा." मागं भिंतीला खुंट्यांवर कसल्यातरी गाद्यांसारखे कपडे लटकत होते, तिकडं कोण बघतंय? चांदसाहेबांनी तो फोटो चहाच्या गाड्यावर दाखवला, मशिदीबाहेर दाखवला, वाण्याला दाखवला. "माप घेतलं न्हाई, विचारलं न्हाई," ते सांगायचे, "तरी बघा." लोक "व्वा" म्हणायचे. काही जणांना तर दोनदा म्हणावं लागलं.

ते तिघं डोंगरात गेले त्या दिवसांत चांदसाहेबांचं कामात चित्त नव्हतं. एका पडद्याची पट्टी उलटी बसली, ती उसवावी लागली. मग तरन्नुमचा कॉल आला, रविवार नसताना.

"अब्बा, काही झालेलं न्हाई, घाबरू नका. आमी घरी आलोय. जाताना एका चढाला गाडी घसरायला लागली. अजीमनं कडंला घेतली. त्रिकोण ठेवला, साखळ्या बांधल्या. बराच वेळ लागला. मी आणि इनाया खाली उतरून उभं होतो."

"जाकीट?"

ती क्षणभर थांबली. फोन अडकला असेल, असं त्यांना वाटलं.

"तुमचीच घातली की. लांबून दिसत होतो म्हणे. पोलिसांची गाडी थांबली, त्यांनी सगळं बघितलं. जाकिटं चांगली हायत म्हणाले."

आता याच्यापुढं माणसाला आणखी काय पाहिजे? आपण सांगलीत बसून शिवलेला टाका तिकडं बर्फातल्या रस्त्यावर लेकीच्या पाठीशी उभा राहिला. चांदसाहेबांनी त्या दिवशी लालासाहेबांना कारखान्यावर फोन लावून सांगितलं. "आता तिथल्या सरकारचंच टेंडर भर," लालासाहेब ओरडले. ते कुणाशी बोलायचं झालं तरी ट्रॅक्टर चालू असल्यासारखे बोलायचे.

आणि दुसऱ्या दिवशी अजीमनं फोटो धाडले.

जावई माणूस भोळा. बायको सासऱ्याशी काय बोलली ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं सहलीचे सगळे फोटो एकदम पाठवून दिले. बर्फ, डोंगर, घसरगाडी, आणि मधेच तो रस्त्यावरचा. बर्फात लाल त्रिकोण. पुढं गाडीच्या चाकाला साखळ्या बांधलेल्या. बाजूला पाठमोऱ्या मायलेकी, पिवळ्याधमक.

चांदसाहेबांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. पाठीवर फुली नव्हती. दोन आडव्या पट्ट्या सरळ गेल्या होत्या. कडेला पायपिंग नव्हती, नुसती दोरा मारून मुडपलेली कड. टाका दुसऱ्याचा होता. टाका ओळखायला चांदसाहेबांना चष्मासुद्धा लागत नाही.

त्या जाकिटांखाली कोट होते. केवढाले कोट! लेक तर ओळखू येत नव्हती, कापूस ठासून भरलेल्या तक्क्यासारखी दिसत होती. इनायाचे हात त्या कोटामुळं खाली जात नव्हते, ते दोन्हीकडं उभे राहिले होते. मग त्यांनी तो पहिला फोटो काढून बघितला, घरातला. भिंतीवर खुंट्यांना लटकलेले तेच कोट. जाकिटं फिटिंगमध्ये बसली होती ती घरात, हीटरच्या उबेत, नुसत्या कपड्यांवर. बाहेर निघताना ती कोटावर चढली नसणार. ओढून बघितली असणार, पोरीनं रडून गोंधळ घातला असणार, आणि वाटेत पेट्रोल पंपावर दुसरी घेतली असणार.

लालासाहेब खरं बोलला होता. आयुष्यात एकदा खरं बोलला आणि नेमकं तेव्हाच आपण हसलो.

चांदसाहेब मशीनवर नुसते बसून राहिले. लेक खोटं बोलली याचा त्यांना राग आला नाही. आबेदाही असंच करायची, बिघडलेल्या झंपराला "मस्त झालंय" म्हणायची आणि रात्री गुपचूप उसवायची. त्यांना लागलं ते वेगळंच. लहान पोराचं मन राखावं तसं लेकीनं आपलं मन राखलं. तिला बर्फात कड्याकडेला उभं राहायला लागलं तेव्हा तिच्या अंगावर काय होतं, तिथं थंडी किती असते, तिच्या दाराजवळ खुंटीला काय टांगलेलं असतं, यातलं काहीच आपल्याला माहीत नाही. आपल्याला माहीत आहे ती लग्नातली तरन्नुम. ती पोरगी आता कुठंच राहत नाही. आणि हे आबेदाला सांगायला हवं होतं, ते सांगायलाही कुणी नव्हतं. त्यांना भयंकर एकटं वाटलं. दारात पडदा न्यायला आलेल्या माणसाला ते "उद्या ये" म्हणाले आणि दिवसाढवळ्या दुकान बंद करून आत जाऊन पडले.

रविवार आला. चांदसाहेबांनी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, फोन रिळाला टेकवला. तरन्नुमचा चेहरा दिसला.

"जेवला का अब्बा?"

"जेवलो." मग त्यांनी गळ्यातला टेप काढून हातात घेतला. "तरन्नुम, मला तुझं माप सांग. कोटावरचं."

तिचे डोळे भरून आलेले दिसले, की तिथल्या उजेडानं तसं दिसलं, कोण जाणे. तिला समजलं होतं. आपल्याला समजलंय हे तिला समजलं, हे चांदसाहेबांनाही समजलं. फोटोचं नाव कुणीच काढलं नाही.

"पुढच्या थंडीला लागंल," चांदसाहेब म्हणाले. "आतापासनं शिवून ठेवतो. घाई न्हाई."

"थांबा," ती म्हणाली आणि उठून गेली. परत आली ती कोट घालून. उबदार घरात तो एवढा मोठा कोट, गळ्यापर्यंत चेन ओढलेली. फोनपासून जरा लांब उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पसरले. लहानपणी उभी राहायची अगदी तशीच. चांदसाहेबांचा टेप धरलेला हात आपोआप वर गेला आणि फोनपाशी थांबला.

"टेप कुठाय तुझ्याकडं?"

"टेप न्हाई अब्बा घरात." टेलरची लेक असं म्हणाली आणि तिलाच वाईट वाटलं. "उद्या आणते इकत."

"मी घेते माप! मी घेते!" इनाया कुठूनतरी पळत आली. ती आता फोटोतल्यापेक्षाही उंच वाटत होती. शाळेत त्यांना हातानं मोजायला शिकवलं होतं म्हणे. तिनं आईच्या मागं जाऊन पाठीवर हात टेकवला, अंगठा आणि करंगळी ताणून, मग पुढं सरकवून पुन्हा, खांद्यापासून खांद्यापर्यंत. मग खुर्चीवर चढून छातीभोवती. आईला गुदगुल्या होत होत्या, ती "अगं नीट" म्हणत होती. इनाया तिकडून ओरडून आकडे सांगायला लागली. आबेदा आतल्या खोलीतून ओरडायची तशीच. तिचा आवाज मोठा, खणखणीत.

"नाना! खांदा चार विती आणि दोन बोटं! लिहिलं?"

"लिहायला कशाला पायजे," चांदसाहेब म्हणाले. "ध्यानात राहतंय माझ्या."

"छाती दहा विती!"

दहा विती. चांदसाहेबांनी डोळे मिटले, मनातल्या मनात कापड पसरलं, कात्री हातात घेतली. आणि थांबले. वीत केवढी? त्यांना माहीत होता तो अंगठ्याभोवतीचा मुठीचा वेढा, वर्षाच्या पोरीचा. त्याच्यापुढं त्या हातानं पेन्सिल धरली असेल, चमचा धरला असेल, बर्फ धरला असेल. तो हात आज केवढा आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

"इनाया," ते म्हणाले, "तुझा हात दाखव बघू मला. वीत ताणून. फोनजवळ धर."

"असा?"

पोरगी खुर्चीवरून उडी मारून आली. तिनं पंजा पुरता ताणला आणि नानांना नीट दिसावा म्हणून थेट फोनवर चिकटवला. पडदा काळा झाला. चांदसाहेबांनी टेप उलगडून त्या काळ्या काचेवर आडवा धरला. बोटं कुठं सुरू होतात आणि कुठं संपतात, काही दिसत नव्हतं. तिकडून तिच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता.

"दिसला का नाना हात? किती हाय?"

चांदसाहेबांनी टेप पुन्हा गळ्यात घातला.

"दिसला बेटा," ते म्हणाले. "लय मोठा झालाय."